काळ्या झग्यातली हेटी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या केमिकल नॅशनल बँकेत तुम्ही शिरला असतात, तर एक वयस्क बाई तिथं हमखास दिसली असती. अंगात जुना काळा झगा, भोवती ट्रंका, कागदांचे गठ्ठे आणि समोर वर्तमानपत्रं. नवख्या माणसाला वाटावं, कोणाची तरी वाट बघत बसलीय बिचारी! पण ती बँकेची बडी ठेवीदार होती, आणि हेच तिचं ऑफिस. हेन्रिएटा हॉवलंड ग्रीन हे तिचं पूर्ण नाव. सगळे हेटी ग्रीन म्हणत. वर्तमानपत्रवाल्यांनी तिला 'वॉल स्ट्रीटची चेटकीण' करून टाकलं. पुरुषानं पैसा केला की तो उद्योगपती, बाईनं केला की चेटकीण. असो.

ही हेटी मला आठवली ती आमच्या बचत गटामुळे. दर महिन्याच्या मीटिंगला हल्ली कोणी ना कोणी विचारतंच, ताई, म्युच्युअल फंडात घालू की सरळ शेअर घेऊ? कोणाच्या मुलानं मोबाइलवर खातं उघडून दिलेलं असतं, कोणाच्या भाच्यानं कुठल्याशा कंपनीचं नाव कानात सांगितलेलं असतं. मी पडले आर्ट्सची. आकड्यांपेक्षा माणसांच्या गोष्टी मला लवकर कळतात. म्हणून ही एक गोष्ट.

हेटीचा जन्म 21 नोव्हेंबर 1834चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्डचा. हे बंदर त्या काळी देवमाशांच्या शिकारीसाठी जगभर प्रसिद्ध होतं. दिव्यात जळायचं ते देवमाशाचं तेल, आणि ते आणणारी जहाजं दोन-दोन, तीन-तीन वर्षं समुद्रावर. हेटीच्या आईचं घराणं हॉवलंड, त्यांची मोठी पेढी. वडील एडवर्ड रॉबिन्सन त्या पेढीत आले आणि त्यांनी ती आणखी वाढवली. आजोबांची दृष्टी अधू झालेली, म्हणून सहा-सात वर्षांची नात त्यांना वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचून दाखवायची. आठव्या वर्षी तिनं स्वतः बँकेत खातं काढलं, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी घरचा हिशेब तिच्याकडे आला. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला त्या काळी सासरी धाडत होते!

न्यू बेडफर्डची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. तिथं अख्खं जहाज सहसा एकटा माणूस घ्यायचा नाही. जहाजाचे बत्तिसावे, चौसष्टावे हिस्से करत आणि ज्याला जमेल तसे तो दोन-चार-दहा जहाजांत हिस्से घेई. एक बुडालं, एक रिकाम्या हातानं आलं, तरी बाकीच्यांत निघून जाई. म्युच्युअल फंड हा शब्द तेव्हा नव्हता, पण कल्पना हीच की हो!

आणि त्या रीतीतली मेखही न्यू बेडफर्डनंच दाखवली. 1859मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं. रॉकेलचा दिवा स्वस्त पडू लागला, देवमाशाच्या तेलाचं महत्त्व ओसरलं. 1871मध्ये आर्क्टिक समुद्रात तीसहून जास्त जहाजं एकाच वेळी बर्फात अडकली आणि टाकून द्यावी लागली. त्यातली कितीतरी न्यू बेडफर्डची. आता बघा, ज्यानं दहा जहाजांत हिस्से घेतले होते त्यानं पैसे वाटून ठेवले होते खरे, पण दहाही जहाजं एकाच धंद्यात आणि एकाच समुद्रात. आज एखादी बाई मला कौतुकानं सांगते की मी चार फंड घेतलेत, आणि चारही एकाच क्षेत्राचे निघतात, तेव्हा मला ती बर्फात अडकलेली जहाजं दिसतात.

हेटीचे वडील मात्र धूर्त. त्यांनी वेळेवर देवमाशाच्या धंद्यातून पाय काढून घेतला आणि ते न्यूयॉर्कला गेले. जून 1865मध्ये ते वारले. त्यांच्यामागोमाग दोन-अडीच आठवड्यांत हेटीची अविवाहित मावशी सिल्व्हिया हॉवलंडही गेली. हेटी तेव्हा तीस वर्षांची, बिनलग्नाची, घराण्याची एकटी वारस. आई आधीच गेलेली.

आता इथं खरी गोष्ट सुरू होते. वडिलांनी मागे ठेवलेले डॉलर होते 50 ते 60 लाखांच्या घरातले. पण हेटीच्या हातात त्यातले जेमतेम 10 लाख. बाकीचे ट्रस्टमध्ये. म्हणजे पैसा सांभाळणार विश्वस्त पुरुष, कुठं गुंतवायचा ते ठरवणार तेच, आणि हेटीला फक्त येणारं उत्पन्न. मावशीचंही तेच. तिच्या 20 लाखांतले निम्मे इतरांना आणि धर्मादाय कामांना, उरलेले निम्मे ट्रस्टमध्ये, त्याचं उत्पन्न हेटीला. ज्या मुलीनं आजोबांना बाजारभाव वाचून दाखवले, तेराव्या वर्षी वह्या लिहिल्या, तिला घरच्यांनीच सांगितलं की बाई, तुला पैशातलं कळायचं नाही. मला वाटतं, तिच्या पुढच्या सगळ्या हट्टाचं मूळ इथं आहे.

मावशीच्या मृत्युपत्राविरुद्ध ती कोर्टात गेली. आधीचं एक मृत्युपत्र तिनं काढलं, त्याला जोडलेल्या पानावर लिहिलं होतं की यानंतरचं कुठलंही मृत्युपत्र खरं धरू नये. विरुद्ध बाजू म्हणाली, पानावरची सही बनावट आहे. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी मावशीच्या 42 सह्या ताडून पाहिल्या आणि दोन सह्या इतक्या तंतोतंत जुळणं जवळजवळ अशक्य आहे असं गणितानं मांडलं. आकडेशास्त्राच्या इतिहासात हा खटला अजून सांगतात. 1868मध्ये निकाल हेटीच्या विरुद्ध गेला, पण सहीवरून नव्हे, कायद्यातल्या साक्षीच्या मुद्द्यावरून. सही तिनंच उतरवली होती का? मला तर तिच्याबद्दल संशय येतो बुवा. आवडलेल्या बाईला देवी करायची आपल्याला सवय असते, हेटी काही देवी नव्हती.

खटला चालू असतानाच, जुलै 1867मध्ये, तिनं एडवर्ड ग्रीन या व्यापाऱ्याशी लग्न केलं. लग्नाआधी लेखी करार करून घेतला, की तिच्या पैशावर नवऱ्याचा हक्क नाही. आणि दोघं लंडनला गेली. मुलगा नेड आणि मुलगी सिल्व्हिया, दोन्ही तिकडचीच. गंमत अशी, की हेटी लंडनमध्ये होती त्याच 1868 साली तिथं फॉरेन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट नावाची संस्था सुरू झाली. बेताच्या ऐपतीच्या माणसांचे पैसे गोळा करायचे आणि ते निरनिराळ्या देशांच्या सरकारी कर्जरोख्यांत वाटून घालायचे, म्हणजे लहान माणसालाही बड्या धनिकासारखी सुरक्षितता मिळेल, असा तिचा हेतू. आजच्या फंडांची ही पणजी म्हणायला हरकत नाही. हेटीला अर्थात तिची गरज नव्हती. ती लंडनमध्ये बसून अमेरिकन सरकारचे रोखे घेत होती. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, सरकार हे पैसे सोन्यात फेडेल की नाही म्हणून लोक घाबरलेले, त्यामुळे रोखे स्वस्त. लोक विकत होते, ही घेत होती. सरकारनं शब्द पाळला आणि हेटीचं उखळ पांढरं झालं.

तिची रीत जन्मभर हीच राहिली. कोणाला नको असलेली चांगली वस्तू घ्यायची, सगळ्यांना हवीशी झाली की विकायची. उसने पैसे काढून कधी घ्यायचं नाही. हाताशी रोख ठेवायची, कारण बाजार पडतो तेव्हा नेमके इतरांचे हात रिकामे असतात. आणि घेण्याआधी स्वतः चौकशी करायची. तिचा भर शेअरपेक्षा सरकारी आणि रेल्वेच्या रोख्यांवर, जमिनीवर आणि गहाणावर दिलेल्या कर्जांवर होता. कारखान्यांच्या शेअरपासून ती दूरच राहायची. पण एखाद्या रेल्वेचे शेअर घेतले तर घेतले. जॉर्जिया सेंट्रल रेल्वेचे शेअर तिनं 70 डॉलरच्या आसपास घेतले होते. 1880च्या दशकात कंपनीच्या ताब्यावरून दोन गटांत जुंपली, भाव चढला, तर ही घाई न करता बसून राहिली आणि शेवटी सव्वाशे डॉलरच्या वर विकले.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे ताई तुमचं म्हणणं शेअरच घ्यावेत! थांबा जरा.

हेटी दिवसभर काय करायची ते बघा. सकाळपासून बँकेत बसून ती रोखे, भाव, कोर्टाचे निकाल, रेल्वेचे अहवाल वाचायची. कर्ज देण्याआधी शक्य असेल तर स्वतः जाऊन जागा बघायची. स्वयंपाक, मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधं यांतून उरलेल्या अर्ध्या तासात मोबाइलवर केलेलं काम नव्हतं हे. दुसरं म्हणजे तिचा पैसा किती रेल्वे, किती शहरं, किती जमिनी आणि किती कर्जं यांत विखुरला होता! तिला फंड लागला नाही, कारण ती स्वतःच एक फंड होती. मॅनेजरही तीच, हिशेबनीसही तीच. महिन्याला दोन हजार रुपये बाजूला टाकणारी बाई दोन कंपन्यांचे शेअर घेते तेव्हा ती हेटीसारखं वागत नसते. ती अख्खं एक जहाज घेत असते.

आमच्या गटातल्या एकीचे यजमान नोकरीत असताना अचानक गेले. ऑफिसकडून जी रक्कम आली ती तिच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची मोठी रक्कम. दिरांचं म्हणणं, ज्या कंपनीत भाऊ होता तिचेच शेअर घे, ओळखीची कंपनी आहे, मुलालाही तिथंच चिकटवून घेतील. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, अगं, मुलाचा पगारही तिथूनच येणार आणि तुझी पुंजीही तिथंच राहणार. उद्या कंपनीला खोकला झाला तर तुमच्या अख्ख्या घराला ताप येईल! पुढे तिनं मोठा हिस्सा बँकेत मुदतठेवीत ठेवला आणि राहिलेल्यातून दरमहा थोडे थोडे इंडेक्स फंडात घालायला लागली. दीर अजून जरा घुश्शात आहेत.

इंडेक्स फंड म्हणजे बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची ठरलेली यादी जशीच्या तशी घेणारा फंड. त्यात मॅनेजरची हुशारी विकत घ्यायची नसते, म्हणून खर्च कमी. अमेरिकेत जॉन बोगल यांनी सामान्य माणसासाठी असा फंड 1976मध्ये काढला, तेव्हा लोक हसले होते. खर्चाचा मुद्दा बायकांना मी नेहमी हिशेबानं सांगते. भाजीत पन्नास पैशांची घासाघीस करणाऱ्या आपण फंडातल्या एक टक्क्याकडे बघतही नाही. समजा 5 लाख रुपये 20 वर्षं ठेवले. वर्षाला 11 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 40 लाख 30 हजार होतात, आणि तेच 10 टक्क्यांनी वाढले तर 33 लाख 64 हजार. एका टक्क्यात साडेसहा लाखांहून जास्त गेले की नाही? आपल्याकडे 1 जानेवारी 2013पासून फंडांना 'डायरेक्ट' योजना ठेवावी लागते, त्यात एजंटाचं कमिशन नसतं. ज्यांना स्वतः फॉर्म भरता येतो त्यांनी तरी ती विचारावी.

पण फंडात घातले म्हणजे डोळे मिटले, असंही नाही बरं का. आपल्याकडे युनिट ट्रस्टची 'यूएस 64' योजना 1964पासून घराघरांत होती. सरकारी म्हणजे बुडणार नाही, अशी श्रद्धा! युनिटचा भाव ट्रस्ट ठरवायचा, आतल्या शेअरची खरी किंमत त्याच्याशी जुळते की नाही ते गुंतवणाऱ्याला कळत नव्हतं. जुलै 2001मध्ये युनिट परत घेणंच काही महिने थांबवलं, तेव्हा पेन्शनवाल्या कितीतरी लोकांच्या पोटात गोळा आला. त्या योजनेत आणि हेटीच्या वडिलांच्या ट्रस्टमध्ये मला एक साम्य दिसतं. पैसा तुमचा, पण आत काय चाललंय ते विचारायचं नाही. आता फंडांना रोजचा भाव आणि दर महिन्याला आतली यादी जाहीर करावी लागते. ती यादी उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

हेटीलाही एकदा असाच दणका बसला, आणि तोही घरातूनच. तिचे रोखे आणि ठेवी जॉन सिस्को अँड सन या पेढीत होत्या. जानेवारी 1885मध्ये पेढी डबघाईला आली, तेव्हा कळलं की पेढीचा सगळ्यात मोठा कर्जदार तिचा नवराच आहे! सात लाख डॉलरच्या आसपास कर्ज. त्यानं रेल्वेच्या शेअरमध्ये सट्टा केला होता, आणि बायकोचा पैसा आपल्याकडेच आहे म्हणून पेढीनं त्याला खुशाल कर्ज दिलं होतं. लग्नाआधीचा तो पक्का करार होता ना? पण पेढीवाल्यांनी तिचे रोखे अडवून धरले, आधी नवऱ्याचं फेडा म्हणाले. हेटी चिडली, रडली, भांडली, शेवटी पैसे भरले, सगळे रोखे घोडागाडीत घातले आणि केमिकल नॅशनल बँकेत आणून टाकले. त्या ट्रंका तिच्याभोवती शेवटपर्यंत का राहिल्या, ते आता कळतं. नवऱ्यापासून ती वेगळी राहू लागली, पण त्याच्या शेवटच्या आजारात तिनं त्याला बघितलं. 1902मध्ये तो वारला.

या जागी मैत्रिणींना एक सांगते. आपल्याकडे 1874 सालचा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्यानं बायकोच्या आणि मुलांच्या नावे आयुर्विमा उतरवला, तर ते पैसे नवऱ्याच्या सावकारांना सहसा ओढून नेता येत नाहीत. पॉलिसी काढतानाच तसा फॉर्म भरायचा असतो. मी गटात विचारलं तर वीसजणींत एकीलाही माहीत नव्हतं. आणि फंड असो की शेअर, खातं तुमच्या नावाचं आहे का, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, ईमेल कोणाचा दिलाय आणि तो पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे का? फंड की शेअर हा प्रश्न मला याच्या नंतरचा वाटतो.

हेटीच्या चिक्कूपणाच्या गोष्टी तर किती! एकच झगा वापरायची, कर चुकवायला ब्रुकलिन आणि होबोकेनच्या साध्या खोल्यांत बिऱ्हाड हलवत राहायची. मुलाचा पाय लहानपणी दुखावला तेव्हा फुकट उपचार मिळावेत म्हणून गरिबांच्या दवाखान्यात नेलं, असं सांगतात. तिनं पुष्कळ डॉक्टर केले असंही काही चरित्रकार म्हणतात. पाय शेवटी कापावा लागला, एवढं मात्र खरं. त्या आईला मी काय बोलू? पैसा राखता राखता तो कशासाठी राखायचा हेच विसरायला होतं, अशी माणसं आपल्याही शेजारी असतात.

तिच्या शिस्तीचं मोल मात्र 1907मध्ये अख्ख्या शहराला कळलं. बाजार कोसळला, बँकांसमोर रांगा लागल्या. हेटीनं आधीच धोका ओळखून रोख जमा केली होती. खुद्द न्यूयॉर्क शहराला तिनं 11 लाख डॉलर कर्ज दिलं.

3 जुलै 1916 रोजी ती गेली, एक्क्याऐंशी वर्षांची होऊन. मागे ठेवलेले डॉलर 10 कोटींच्या आसपास, काहींच्या मते त्याहून जास्त. मावशीचा तो ट्रस्ट, ज्यासाठी ती कोर्टात इतकी भांडली, तो तिच्यामागे तिच्या मुलांना मिळाला नाहीच. मृत्युपत्राप्रमाणे तो पणजोबा गिडिऑन हॉवलंड यांच्या शेकडो वंशजांत वाटला गेला. हेटीचं बाकी सगळं दोन मुलांकडे गेलं. सिल्व्हिया 1951मध्ये निपुत्रिक वारली आणि तिच्या इच्छेप्रमाणे बहुतेक सगळा पैसा कॉलेजं, चर्च, इस्पितळं अशा डझनावारी संस्थांना मिळाला.

नेडनं मात्र दोन्ही हातांनी खर्च केला. उलटं विमान छापलेली 1918 सालची तिकिटं निघाली, तर त्यानं 100 तिकिटांचा अख्खा कागदच विकत घेतला. आणि एक जुनं जहाज आपल्या बंगल्याजवळ समुद्रकाठी उभं करून ठेवलं. चार्ल्स मॉर्गन त्याचं नाव, देवमाशांच्या शिकारीचं, कधी काळी हेटीच्या वडिलांच्या मालकीचं. बरोबरीची बहुतेक जहाजं बुडाली, जळाली, मोडीत निघाली. हे आज कनेक्टिकट राज्यातल्या मिस्टिक गावी संग्रहालयात आहे, आणि 2014च्या उन्हाळ्यात दुरुस्त होऊन पुन्हा एकदा शिडं उभारून न्यू बेडफर्डला जाऊन आलं.